गोळीची किंमत कोण ठरवते?

औषधांचा विषय निघाला की आपण वर्गात त्यांची वर्गवारी शिकवतो. हे वेदनाशामक, हे प्रतिजैविक, हे आम्लनाशक. जमल्यास फळ्यावर एखाद्या रेणूची आकृतीही काढतो. रेणूचे वस्तुमान, त्याची विद्राव्यता, त्याचा द्रवणांक या गोष्टी निसर्गाने ठरवलेल्या असतात. त्या मुंबईत मोजा नाही तर नैरोबीत, उत्तर एकच येते. किमतीचे तसे नाही. तोच रेणू, तितक्याच शुद्धतेचा, एका देशात दहा हजारांना आणि दुसऱ्या देशात शंभराला मिळू शकतो. ही तफावत कुठून येते, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे तसाच विज्ञानाच्या इतिहासाचाही आहे. पाठ्यपुस्तकात मात्र तो सहसा येत नाही.

या लेखात आपण एड्सवरील औषधांच्या किमतीचा इतिहास पाहू. १९९६ च्या सुमारास एका रोग्याच्या एका वर्षाच्या औषधांना दहा ते पंधरा हजार अमेरिकन डॉलर लागत. २०२३ साली गरीब देशांसाठी एकत्रित खरेदी केलेल्या गोळ्यांचा वर्षाचा खर्च माणशी ४५ डॉलरांच्या खाली आला. आजची गोळी तेव्हाच्या औषधांपेक्षा उतरती नाही, उलट अधिक गुणकारी आणि कमी त्रासदायक आहे. मग मधल्या काळात नेमके काय झाले?

शंभर रोग्यांचे गणित

आधी एक साधे गणित करू. आकडे कल्पित आहेत, पण तर्क खरा आहे.

एका गावात एकाच रोगाचे शंभर रोगी आहेत. औषध तयार करायला माणशी पाच रुपये खर्च येतो. दहा रोगी सधन आहेत, ते हजार रुपयेही मोजू शकतात. उरलेले नव्वद जण वीस रुपयांपर्यंतच देऊ शकतात. औषध विकण्याचा हक्क एकाच दुकानदाराला आहे. त्याने किंमत हजार ठेवली तर दहा जण घेतील आणि नफा होईल ९,९५० रुपये. किंमत वीस ठेवली तर शंभर जण घेतील, पण नफा फक्त १,५०० रुपये. दुकानदार हजार रुपयेच किंमत ठेवील. नव्वद जण औषधाविना राहतील, आणि तेही उत्पादनखर्चाच्या चौपट द्यायला तयार असताना.

यात दुकानदार दुष्ट आहे असे मानण्याचे कारण नाही. एकट्याच्या हाती विक्री असली की हिशेब असाच लागतो. सधनांना हजार आणि गरिबांना वीस अशा दोन किमती त्याने ठेवाव्यात असे आपण म्हणू, पण स्वस्त माल फिरून महागाच्या बाजारात येईल, किंवा सधन ग्राहकच विचारतील की आम्हाला जास्त का, ही भीती त्याला असते.

आता दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. हे औषध शोधायला त्याने पाच हजार रुपये घातले आहेत असे समजू. वीस रुपयांना विकून ते कधी भरून निघणार? दुसऱ्या कोणी त्याची नक्कल करून सहा रुपयांना विकायला सुरुवात केली, तर तो बुडालाच. म्हणून पेटंटची कल्पना निघाली. शोध लावणाऱ्याने आपले गुपित जगाला सांगायचे आणि त्या बदल्यात काही वर्षे मक्तेदारी उपभोगायची, असा हा समाजाशी केलेला करार आहे. करार म्हटला की त्याच्या अटी आल्या, आणि अटी माणसेच ठरवतात.

मिठाचे दोन मार्ग

भारतात स्वातंत्र्यानंतरही इंग्रजांनी केलेला १९११ चा पेटंट कायदा चालू होता. त्यात औषधाच्या रेणूवरच पेटंट मिळत असे. न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांनी सरकारच्या सांगण्यावरून या कायद्याचा अभ्यास केला आणि १९५९ साली अहवाल दिला. भारतातील पेटंटांपैकी ८० ते ९० टक्के परदेशी मालकीची होती, आणि त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक पेटंटांचा वापर करून भारतात उत्पादनच होत नव्हते. म्हणजे कराराची एक बाजू, मक्तेदारी, पाळली जात होती. दुसरी बाजू, देशात ज्ञान आणि उद्योग रुजणे, ही कागदावरच होती. त्याच सुमारास अमेरिकन सिनेटच्या केफॉव्हर समितीने औषधांच्या किमती तपासल्या. १९६१ च्या तिच्या अहवालात भारताची गणना औषधे सर्वांत महाग असलेल्या देशांत झाली. जगातील अत्यंत गरीब देशांपैकी एक, आणि तिथेच औषधे महाग!

देशात औषधे बनवण्याचे प्रयत्न सुरू झाले नव्हते असे नाही. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्याला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य होते, आणि तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. कारखाने आणि रसायनतज्ज्ञ हळूहळू तयार होत होते. कायद्याची अडचण उरली होती.

ती १९७० च्या पेटंट कायद्याने दूर केली. हा कायदा एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्यातली मुख्य तरतूद समजून घ्यायला मिठाचे उदाहरण घेऊ. मीठ समुद्राचे पाणी वाळवून मिळते. प्रयोगशाळेत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा एकत्र करूनही मिळते. मिठावरच पेटंट असेल, तर कोणत्याही मार्गाने मीठ करायला बंदी. पेटंट केवळ पहिल्या कृतीवर असेल, तर दुसरी कृती शोधणारा मोकळा. नव्या कायद्याने औषधांसाठी फक्त कृतीवरचे पेटंट ठेवले, आणि त्याचीही मुदत जास्तीत जास्त सात वर्षांवर आणली.

या एका तरतुदीने भारतीय रसायनतज्ज्ञांपुढे एक आव्हान ठेवले: रेणू माहीत आहे, तिथे पोहोचायची दुसरी वाट शोधा. बाहेरच्यांना ही नक्कल वाटते. संश्लेषणाचे काम केलेल्या माणसाला त्यातली मेहनत ठाऊक असते. प्रयोगशाळेतल्या चंबूत दोन ग्रॅम करणे वेगळे आणि कारखान्यात शेकडो किलो, स्वस्तात आणि दर वेळी तितकेच शुद्ध करणे वेगळे. एक पायरी कमी झाली, एखादा महाग विद्रावक टळला, तरी किमतीत मोठा फरक पडतो.

कपाटात पडून राहिलेला रेणू

आता एड्सच्या औषधाकडे वळू. १९६४ साली अमेरिकेत डेट्रॉइट इथे जेरोम होरविट्झ हे रसायनतज्ज्ञ सरकारी अनुदानातून कर्करोगावर संशोधन करत होते. डीएनएच्या साखळीत जो थायमिडीन हा घटक असतो, त्याच्यासारखाच दिसणारा पण सदोष रेणू करायचा, अशी त्यांची कल्पना होती. थायमिडीनच्या शर्करेवर तिसऱ्या कार्बनला एक हायड्रॉक्सिल गट असतो. साखळीतला पुढचा मणी त्याच हुकात अडकतो. होरविट्झ यांनी तो गट काढून तिथे अॅझाइड गट बसवला. असा मणी साखळीत शिरला की पुढचा मणी अडकायला हूकच राहत नाही. साखळी तिथेच थांबते. हाच रेणू पुढे एझेडटी किंवा झिडोव्हुडिन या नावाने प्रसिद्ध झाला. कर्करोगावर मात्र तो चालला नाही. होरविट्झ यांनी त्याचे पेटंटही घेतले नाही.

वीस वर्षांनी एड्सची साथ आली. १९८५ साली बरोज वेलकम कंपनीने पाठवलेला हाच रेणू अमेरिकेच्या सरकारी राष्ट्रीय कर्करोग संस्थेत तपासला गेला. हिरोआकी मित्सुया आणि सॅम्युएल ब्रोडर यांना दिसले की एचआयव्हीची वाढ तो रोखतो. मार्च १९८७ मध्ये औषधाला मान्यता मिळाली. पेटंट कंपनीचे होते, आणि किंमत वर्षाला सुमारे आठ ते दहा हजार डॉलर. रेणू बनवला सरकारी पैशावर, विषाणूवरील परिणाम दाखवला सरकारी प्रयोगशाळेने, मग मक्तेदारी कंपनीची कशी, असा वाद तिथल्या न्यायालयात गेला. १९९४ साली निकाल बहुतांशी कंपनीच्या बाजूने लागला. कंपनीनेही काम केले होते हे खरे. रुग्णांवरील चाचण्या आणि उत्पादन यांवर खर्च होतोच. पण ज्ञानाचा खर्च कोणी कोणी केला होता, हा प्रश्न या वादाने सर्वांसमोर आणला.

भारतात १९८६ साली चेन्नईत एचआयव्हीची पहिली नोंद झाली होती. सिप्ला या मुंबईच्या कंपनीचे प्रमुख युसुफ हमीद स्वतः केंब्रिजचे रसायनशास्त्राचे डॉक्टरेट. ते हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे संचालक ए. व्ही. रामाराव यांच्याकडे गेले. रामाराव यांनी त्याआधी अनेक वर्षे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम केले होते. एझेडटी करण्याची वेगळी, परवडणारी कृती त्यांच्या संस्थेत विकसित झाली. १९९३ साली सिप्लाने ते औषध भारतात आणले. दिवसाचा खर्च दोन डॉलरांहून कमी होता. परदेशी किमतीच्या तुलनेत हे फार कमी होते, तरी आपल्याकडच्या बहुतेक रोग्यांना तेही झेपणारे नव्हते.

शिवाय एकटे एझेडटी पुरे पडत नाही, हेही लवकरच कळले. हा विषाणू स्वतःची नक्कल करताना वारंवार चुका करतो. त्यांतली एखादी चूक त्याला औषधापासून वाचवते, आणि मग त्याच वाणाचे पीक वाढते. समजा, एका औषधातून निसटणारी चूक लाखात एकदा होते. मग तीन औषधांतून एकाच वेळी निसटण्याची शक्यता लाख गुणिले लाख गुणिले लाखात एक. हा हिशेब ढोबळ आहे, पण तीन औषधे एकत्र देण्यामागचे तत्त्व हेच. १९९६ साली व्हँकूव्हरच्या परिषदेत या उपचाराचे निष्कर्ष मांडले गेले, आणि अंथरुणाला खिळलेली माणसे कामावर परतू लागली. ती श्रीमंत देशांतली माणसे होती.

तीन मालक, एक गोळी

२००० साली सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत सुमारे अडीच कोटी लोकांना एचआयव्हीची लागण झालेली होती. २००२ साल संपताना त्या संपूर्ण प्रदेशात औषधे मिळणारे रोगी सुमारे पन्नास हजार होते. दक्षिण आफ्रिकेने १९९७ साली स्वस्त औषधे आयात करता यावीत असा कायदा केला, तर १९९८ मध्ये औषध कंपन्यांनी एकत्र येऊन त्याविरुद्ध खटला भरला. अशा कंपन्या ३९ होत्या, आणि प्रतिवादींमध्ये नेल्सन मंडेला यांचे नाव होते.

सप्टेंबर २००० मध्ये ब्रुसेल्सला युरोपीय आयोगाच्या बैठकीत हमीद यांनी तीन औषधांचा उपचार वर्षाला ८०० डॉलरांत देण्याची तयारी दाखवली. फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी 'सीमाविरहित डॉक्टर' या संस्थेला ३५० डॉलर हा दर दिला. दिवसाला एक डॉलरहून कमी. ही बातमी जगभर गाजली. औषध करायला खरोखर किती खर्च येतो, हे तोपर्यंत लोकांना ठाऊकच नव्हते. ते एकदा उघड झाल्यावर 'गरीब देशांना हे परवडणारच नाही' हे वाक्य पूर्वीइतक्या सहज म्हणता येईना.

त्याच वर्षी सिप्लाने स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरॅपिन ही तीन औषधे एकाच गोळीत आणली. सकाळी एक, संध्याकाळी एक. हे काम श्रीमंत देशांतील मोठ्या कंपन्यांना अवघड होते, कारण तिथे त्या तीन औषधांचे हक्क तीन वेगळ्या कंपन्यांकडे होते. भारतात रेणूवर पेटंट नसल्याने ती अडचण नव्हती. म्हणजे १९७० च्या कायद्यामुळे औषध स्वस्त झाले, शिवाय घ्यायलाही सोपे झाले. खेड्यात, घड्याळ आणि फ्रीज नसलेल्या घरात, दिवसाला दोनच गोळ्या घ्यायच्या असणे ही लहान गोष्ट नव्हे.

स्टॅव्हुडिनचा हक्क अमेरिकेतील येल विद्यापीठाकडे होता. तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि संशोधकांनी दबाव आणल्यावर, परवानाधारक कंपनीने मार्च २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत तो हक्क न बजावण्याचे मान्य केले. एप्रिलमध्ये ३९ कंपन्यांनी खटला मागे घेतला. नोव्हेंबर २००१ मध्ये दोहा इथे जागतिक व्यापार संघटनेच्या सभासद देशांनी जाहीर केले की पेटंटविषयक करार सार्वजनिक आरोग्याच्या आड येऊ नये.

पुढची घसरण दानधर्मातून आलेली नाही. २००२ मध्ये 'ग्लोबल फंड' सुरू झाला, म्हणजे मोठा आणि खात्रीचा गिऱ्हाईक मिळाला. अनेक भारतीय कंपन्या उतरल्या, म्हणजे स्पर्धा आली. मागणी वाढल्यावर कच्चा माल स्वस्त झाला आणि कृती सुधारत गेल्या. २००३ अखेर काही देशांसाठी ठरलेला दर १४० डॉलरांच्या आसपास होता, पुढे तो शंभराच्या खाली गेला. आज जगात तीन कोटींहून अधिक लोक ही औषधे घेत आहेत.

आपल्या दारातला प्रश्न

या यशाची एक दुखरी बाजू आहे. मुंबईच्या कंपनीची औषधे आफ्रिकेत पोहोचत असताना मुंबईतल्या रोग्यांचे काय? ३५० डॉलर म्हणजे तेव्हाचे सुमारे सोळा हजार रुपये. शेतमजुराची ती जवळपास वर्षभराची मजुरी झाली. भारत सरकारने ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली १ एप्रिल २००४ रोजी. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. १९९३ पासून २००४ पर्यंत अकरा वर्षे ज्ञान होते, कृती होती, कारखाना होता. सार्वजनिक खरेदी नव्हती. किंमत उतरणे आवश्यक असते, पण ज्याच्या खिशात काहीच नाही त्याला स्वस्त औषधही महागच.

पुढच्याच वर्षी कायदा बदलला. जागतिक व्यापार करारानुसार २००५ पासून भारतात पुन्हा रेणूवर पेटंट मिळू लागले, वीस वर्षांचे. मात्र संसदेने कलम ३ (ड) घातले: माहीत असलेल्याच पदार्थाचे नवे रूप, उदाहरणार्थ नवा स्फटिक किंवा नवा क्षार, अधिक गुणकारी असल्याचे सिद्ध झाले नाही तर त्याला पेटंट नाही. रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाचे प्रकरण याच कलमावर लढले गेले. विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारले. कंपनीचे औषध महिन्याला सुमारे १,२०,००० रुपयांचे होते, भारतीय कंपन्यांचे आठ-दहा हजारांचे. २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट नियंत्रकांनी नेक्सावार या औषधावर सक्तीचा परवाना दिला होता. त्याने महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपयांवरून ८,८०० रुपयांवर आला. मूळ कंपनीला विक्रीवर ६ टक्के मानधन मिळायचे होते, म्हणजे शोधाचा मोबदला बुडवला नव्हता.

मग संशोधन कोण करणार?

हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि तो टाळून चालणार नाही. नव्या औषधाला खूप खर्च येतो आणि बहुतेक प्रयत्न फसतात. केवळ दुसऱ्याच्या रेणूची नवी वाट शोधून नवा रेणू मिळत नाही. गेल्या पन्नास वर्षांत आपल्याकडे मूळ औषधे फारच थोडी निघाली, हे आपण मान्य केले पाहिजे.

पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. २००० च्या सुमारास जगातील औषधविक्रीत संपूर्ण आफ्रिकेचा वाटा एक-दीड टक्का होता. तिथे मक्तेदारी सोडली असती, तर संशोधनाचा पैसा आटला नसता. दुसरे म्हणजे, ज्या रोगांचे रोगी गरीब, त्या रोगांकडे ही व्यवस्था वळतच नाही. रिफॅम्पिसिननंतर क्षयाच्या रोग्यांना संपूर्ण नव्या प्रकारचे औषध, बेडाक्विलिन, मिळायला २०१२ साल उजाडले. चाळीस वर्षांहून अधिक काळ! आणि तेही आले तेव्हा महाग होते. त्याच्या एका क्षारावर मुदत वाढवून मागणारा अर्ज मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने फेटाळला. हरकत घेणाऱ्या दोघी स्वतः क्षयातून वाचलेल्या होत्या, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेची.

आता आपल्या गावाकडे परत येऊ. शोधाचा खर्च पाच हजार. समजा, दहा सधनांनी आधीच पाचशे-पाचशे रुपये वर्गणी काढली आणि शोधाचा खर्च चुकता केला. मग औषध सर्वांना पाच रुपयांत देता येते. सधनाला एकूण ५०५ रुपये पडले, पूर्वीच्या हजाराच्या जवळपास निम्मे. गरिबाला पाच रुपये. कोणीही औषधाविना राहिले नाही. शोधाचा खर्च आणि गोळीची किंमत एकमेकांपासून सोडवली की हे जमते. सरकारी अनुदान, शोधासाठी जाहीर केलेले बक्षीस, २०१० मध्ये सुरू झालेली 'मेडिसिन्स पेटंट पूल' ही परवान्यांची सामाईक व्यवस्था, हे सारे त्याच दिशेचे प्रयत्न आहेत. २०२३ सालच्या ४५ डॉलरांच्या उपचारातील डोल्युटेग्राव्हिर हे मुख्य औषध २०१४ साली मूळ कंपनीने या पूललाच परवाना दिल्यामुळे भारतीय कारखान्यांना बनवता आले.

अर्थात वर्गणी कोणी गोळा करायची, सधनांपैकी एखाद्याने नाही म्हटले तर काय, आणि पैसे कोणत्या रोगासाठी आधी खर्च करायचे हे कोणी ठरवायचे, हे प्रश्न उरतातच. नववी-दहावीच्या वर्गात हे शंभर रोग्यांचे गणित जरूर घालावे. दुसरा दुकानदार आला तर किंमत किती होईल? ग्रामपंचायतीने सगळ्यांसाठी एकदम औषध घेतले तर? नव्वद गरिबांचा रोग दहा सधनांना होतच नसेल, तर औषध कोण शोधेल? शेवटच्या प्रश्नाला मुले काय उत्तरे देतात ते ऐकण्यासारखे असते. क्षयाच्या रोग्यांनी त्या उत्तरासाठी चाळीस वर्षे वाट पाहिली.